जनुकावर मालकी कुणाची?

माणसाच्या शरीरातील जनुकावर एखादी कंपनी मालकी सांगू शकते काय? प्रश्न हास्यास्पद वाटेल. परंतु अमेरिकेत जवळजवळ पंधरा वर्षे हेच चालले होते आणि त्याची किंमत स्त्रियांनी मोजली.

स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी पाच ते दहा जणींचा कर्करोग आनुवंशिक असतो. त्यात बीआरसीए १ आणि बीआरसीए २ ही जनुके प्रमुख. ती प्रत्येकात असतात आणि पेशीतील बिघडलेला डीएनए दुरुस्त करतात. त्यांच्यात दोष असेल तर वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्त्रीला हा रोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. हा दोष आईकडून येतो तसाच बापाकडूनही येतो. तेव्हा 'आईने लेकीला रोग दिला' हे बोलणे आता बंद झाले पाहिजे.

१९९० साली मेरी-क्लेअर किंग यांनी पहिल्या जनुकाची जागा दाखवली. १९९४ मध्ये मिरियड जेनेटिक्स कंपनी व युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ते वेगळे केले आणि पुढे त्यावर पेटंट मिळाले. त्यामुळे दुसऱ्या प्रयोगशाळेला चाचणी करता येईना. चाचणीचा खर्च तीन हजार डॉलरच्या वर. एकटीने मूल वाढवणाऱ्या एका रुग्णाचा सरकारी विमा कंपनीने स्वीकारला नाही. दुसऱ्या प्रयोगशाळेकडून खात्री करून घेण्याचीही सोय नव्हती.

मे २००९ मध्ये रुग्ण स्त्रिया, डॉक्टर व शास्त्रज्ञ नागरी हक्क संघटनेच्या मदतीने न्यायालयात गेले. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला : निसर्गात असलेला डीएनए केवळ शरीराबाहेर काढला म्हणून त्यावर पेटंट मिळणार नाही. प्रयोगशाळेत तयार केलेल्या डीएनएवरचे पेटंट मात्र न्यायालयाने मान्य केले. निकालाच्याच दिवशी इतर प्रयोगशाळांनी चाचणी जाहीर केली आणि दर उतरू लागले.

आपल्या पेटंट कायद्याचे कलम ३(ग) निसर्गातील पदार्थाच्या शोधाला पेटंट नाकारते. कलम ३(झ) उपचारपद्धतीलाही नाकारते. वकील म्हणून आम्हाला ही कलमे मोलाची वाटतात, कारण ती रुग्णाच्या बाजूने उभी आहेत.

पण नुसते कळून काय करायचे? करण्यासारखे पुष्कळ आहे. दोष आढळल्यास २५ व्या वर्षापासून दरवर्षी एमआरआय आणि ३० पासून मॅमोग्राफी करतात. दोन्ही स्तन आधीच काढल्यास धोका ९० टक्क्यांहून अधिक घटतो. मुले झाल्यावर, ३५ ते ४५ च्या दरम्यान, बीजांडकोश व बीजवाहिन्या काढण्याचा सल्ला देतात, कारण तेथेही कर्करोगाचा धोका असतो. काहींना टॅमोक्सिफेन उपयोगी पडते. रोग झालेल्या काही रुग्णांसाठी ओलापॅरिबसारखी औषधे आली आहेत. यातील काय स्वीकारायचे, हा निर्णय त्या स्त्रीचाच. नवऱ्याचा नाही, सासरचा नाही.

आमचे वाचकांना सांगणे एवढेच की, घरात कुणा स्त्रीला पन्नाशीच्या आत स्तनाचा वा कोणत्याही वयात बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल, किंवा पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर लपवू नका. लेकीचे लग्न जुळणार नाही या भीतीने गप्प बसलात तर लेकच गमवाल. मुंबईच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी आनुवंशिक सल्ला मिळतो, तो घ्या.

कायद्याने जनुक कंपनीच्या ताब्यातून सोडवले. पण ज्या बाईच्या हाती रोजंदारीशिवाय काही नाही तिला तपासणी परवडत नसेल, तर तो निकाल तिच्यापर्यंत पोहोचला असे आम्ही कसे म्हणावे? ही चाचणी, सल्ला आणि पुढील तपासण्या प्रत्येक जिल्ह्यातील गरजू स्त्रीला मोफत मिळाल्या पाहिजेत. ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.