आकडीच्या मुळाशी

आमच्या मुक्ताईनगरात लेकराला आकडी आली की अजूनही कोणीतरी कांदा नाही तर चप्पल त्याच्या नाकाशी नेतं. याला अडाणीपणा म्हणून मोकळं होण्यात अर्थ नाही, कारण शिकल्यासवरल्यांचा कायदाही फार पुढे नव्हता. १९७६च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यात वारंवार फेफरं येणाऱ्याला वेडाचे झटके येणाऱ्याच्या शेजारी बसवलं आणि लग्नाला अपात्र ठरवलं. 'फेफरं' तिथून निघालं ते थेट १९९९च्या डिसेंबरात.

दरम्यान डॉक्टर मंडळी कामाला लागली होती. मुंबईच्या पारशी वसाहती पालथ्या घालून डॉ. नादिर भरुचा, डॉ. एडी भरुचा आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली तिथलं फेफऱ्याचं हजारी ४.७ हे प्रमाण मांडलं. फेफरं आलेल्याच्या मेंदूच्या सीटी स्कॅनवर एखादा ठिपका दिसला की टीबी समजून महिनोन्महिने गोळ्या चालायच्या. वेल्लोरच्या डॉ. राजशेखर आणि डॉ. चंडी यांनी दाखवून दिलं की त्यातले बरेचसे ठिपके म्हणजे पट्टकृमीच्या अळ्यांभोवतीची सूज, तीही बहुधा आपोआप विरणारी.

पण तान्ह्या बाळांचं कोडं वेगळंच. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातले बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉ. व्रजेश उदाणी आणि सहकाऱ्यांचा एक निबंध २००९ साली 'इंडियन पीडियाट्रिक्स'मध्ये आला. पूर्वी झालेल्या इजेमुळे अगदी लहान वयात फेफरं सुरू झालेली मुलं त्यांनी तपासली. त्यांच्यात सर्वांत जास्त आढळलेलं कारण होतं जन्मानंतर लगेच रक्तातली साखर उतरणं. माझ्या मते आपल्या भागासाठी याहून उपयोगी संशोधन क्वचितच झालं असेल.

नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते. कमी वजनाच्या बाळाजवळ शिल्लक फारशी नसते. त्यात सिझेरियन झालेलं, आई ग्लानीत, पहिला चीक पाजायला उशीर, आणि मधाचं बोट चाटवून सगळे निश्चिंत. बाळ रडतही नाही. आजी कौतुकानं म्हणते, किती गुणी लेकरू! प्रत्यक्षात ते साखरेअभावी मलूल झालेलं असू शकतं. सर्वाधिक मार बसतो तो मेंदूच्या मागच्या भागाला, जिथं नजरेचं काम चालतं, आणि तिथला व्रण पुढे एमआरआयवर दिसतो.

काही महिन्यांनी झोपेतून उठताना बाळ मान पुढे टाकतं, दोन्ही हात फेकतं. क्षणभरच. मग पुन्हा, पुन्हा, रांगेनं. घरात पोटदुखी समजून हिंग लावला जातो. वेस्ट नावाच्या इंग्रज डॉक्टरनं १८४१ साली 'लॅन्सेट'मध्ये हेच झटके वर्णिले होते, तेही स्वतःच्या मुलाचे. हे झटके लवकर ओळखून औषध सुरू होणं महत्त्वाचं, कारण दिवस वाया गेले की मुलाची वाढ मागे पडते. असे झटके दिसले तर मोबाईलवर चित्रण करून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. भोंदूबाबाकडे एक फेरीही घालू नका.

एकूण फेफऱ्याच्या दहांतल्या सातेक रुग्णांचे झटके योग्य औषधानं थांबू शकतात. पण साखरेमुळे झालेली मेंदूची इजा गोळीनं भरून येत नाही. ती टाळावीच लागते. तेव्हा घरात कमी वजनाचं बाळ जन्मलं, ते नीट ओढत नसेल, सुस्त पडून असेल, तर सिस्टरांना विचारायला लाजू नका: "बाळाची शुगर तपासली का?" टाचेतून थेंबभर रक्त लागतं.