संग्रहालयातील मंगलकार्य : नवा व्यवसाय, जुनी नीती

अत्यंत नाशवंत माल कोणता, असे कोणी विचारले तर भाजीपाला, फळे, दूध ही नावे आपल्या तोंडी चटकन येतात. परंतु या सर्वांहूनही नाशवंत असा एक माल आहे, तो म्हणजे तारीख. आज न खपलेली केळी उद्या पडत्या दराने तरी खपतात. वैशाखातील एखाद्या लग्नतिथीची संध्याकाळ विकावयाची राहिली, तर ती पुढे कोणत्याही दराने विकता येत नाही. मंगल कार्यालयांचे चालक हे गणित पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहेत. अलीकडे या व्यवसायात एक अनपेक्षित सोबती आला आहे, तो म्हणजे वस्तुसंग्रहालय. त्याच्या व्यवहाराकडे व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ही प्रथा पाश्चात्त्य देशांत चांगलीच रुजली आहे. इंग्लंडमध्ये नोंदणी पद्धतीचा विवाह पूर्वी सरकारी नोंदणी कचेरीतच लावावा लागे. १९९४ च्या विवाह कायद्याने ही अट सैल केली आणि पुढील वर्षापासून परवानाप्राप्त वास्तूंमध्ये असे विवाह लागू लागले. जुने वाडे, किल्ले व संग्रहालये यांना त्यामुळे उत्पन्नाचे नवे दार उघडले. लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाच्या भव्य दालनात २०१७ पासून सुमारे २५ मीटर लांबीचा निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला आहे. दिवसा त्याखाली शाळकरी मुले उभी असतात, तर संध्याकाळी मेजवान्यांची मेजे मांडली जातात. आपल्याकडे हैदराबादचा चौमहल्ला राजवाडा जीर्णोद्धारानंतर २००५ मध्ये संग्रहालय म्हणून लोकांस खुला झाला, २०१० मध्ये त्यास युनेस्कोचे पारितोषिक लाभले, आणि त्याच्या प्रांगणात समारंभही होतात. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात १९६१ मध्ये स्थापन झालेले महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहे, आणि त्याच राजवाड्याच्या हिरवळीवर विवाहसमारंभ होत असतात.

संग्रहालयांनी या व्यवसायात का पडावे, याचे उत्तर हिशेबाच्या वहीतच आहे. तिकिटांच्या उत्पन्नात पहारा, वीज, डागडुजी व नोकरवर्ग यांचा खर्च क्वचितच भागतो. आणि दार बंद झाल्यावरही पहारा व वीज यांचा खर्च चालूच राहतो. रिकाम्या संध्याकाळी देखण्या वास्तूचे भाडे मिळाले, तर त्यातून छप्पर दुरुस्त होते. यात गैर असे काही नाही. मात्र हा माल कसा विकला जातो, हे आम्हांस प्रत्यक्ष अनुभवानेच कळले.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या पुतण्याचा विवाह झाला. आमच्या वडीलबंधूंची इच्छा होती की, सारे कार्य एका जुन्या वाड्यातील संग्रहालयात व्हावे. माणसे आठशे, होम तेथेच, भोजनही तेथेच. त्यानुसार आम्ही उभयता तेथील कार्यक्रम-संयोजक बाईंना भेटावयास गेलो. वयाने त्या आमच्या मुलीएवढ्या. आमची समजूत अशी की, प्रथम खर्चाचा अंदाज विचारतील. त्यांनी विचारले ते निराळेच : "माणसे किती? वेळ कोणती? आणि अग्नी आहे का?"

नंतर त्यांनी आम्हांला वाडा हिंडून दाखविला, तोही ज्या घटकेस समारंभ करावयाचा त्याच घटकेस. म्हणजे उजेड किती असतो, वाहने कोठवर येतात, वृद्धांना पायऱ्या किती, हे आमचे आम्हांलाच दिसावे. तारीख त्यांनी सात दिवसांपुरती वहीत शिसपेन्सिलीने लिहिली. विसार आल्यावर ती शाईने होणार होती. ही वही साऱ्या संस्थेत एकच. व्याख्यान, प्रदर्शन, शाळेची सहल आणि लग्न, सर्वांची नोंद त्याच पानावर. आपल्या रोजमेळाचा नियम यापेक्षा वेगळा तो काय? दोन वह्या झाल्या की एकच तारीख दोघांना विकली जाते.

मग अटी आल्या. दालनात अग्नी नाही, समईसुद्धा नाही. अक्षता नाहीत, हळद-कुंकू नाही. भिंतीस खिळा नाही, मंडप स्वतःच्या पायांवर उभा राहील असाच. फुले आत नेण्यापूर्वी तपासून घ्यावयाची. आणि माणसे अडीचशेच, तीही चौकात. वडीलबंधूंचा चेहरा उतरला. "बाई, भाडे दुप्पट देतो," ते म्हणाले. बाईंनी शांतपणे उत्तर दिले, "शेठजी, दुप्पट भाड्याने उडालेला रंग परत येत नाही."

त्यांनी कारणेही समजावून दिली, ती आमच्या सभासदांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. बसलेला माणूस सुमारे शंभर वॉट उष्णता देतो. तीनशे माणसे एका दालनात बसली तर दीड-दीड किलोवॉटच्या वीस शेगड्या पेटविल्यासारखे होते. शिवाय श्वास व घाम यांवाटे दर माणशी तासाला अदमासे पन्नास ग्रॅम बाष्प बाहेर पडते. म्हणजे तीनशे माणसांचे तासाला पंधरा लिटर पाणी हवेत मिसळते. त्याने लाकूड फुगते, चित्रावरील रंगाचे पापुद्रे सुटतात, कागदाला बुरशी धरते. फरशीच्या फटीत राहिलेला तांदळाचा दाणा किडीला आमंत्रण देतो, आणि फुलांतून आलेली कीड लोकरीत व रेशमात घर करते. हळदीचा डाग दगडातून निघत नाही. रेशीम व कागद यांवर पन्नास लक्सहून अधिक उजेड नसावा, असा संग्रहालयांचा संकेत आहे. लग्नाच्या छायाचित्रकाराचे प्रखर दिवे त्याच्या कितीतरी पट असतात.

आम्ही दोघेही रागावूनच घरी आलो, हे कबूल केले पाहिजे. मुलीकडच्यांना वाडा सांगून बसलो होतो. आता माघार घेणे म्हणजे शब्द जाणे. परंतु रात्री आम्हांला आमच्या तीर्थरूपांच्या पेढीची आठवण झाली. एका विधवेने दागिन्यांची थैली पेढीवर ठेवली होती. निकडीच्या वेळी एका सावकाराने त्या थैलीच्या तारणावर हवी ती रक्कम देऊ केली. तीर्थरूपांनी नाकारली आणि स्वतःची जमीन गहाण टाकली. ठेव आणि भांडवल यांतील भेद त्यांनी आम्हांस त्या दिवशी शिकविला होता. संग्रहालयातील प्रत्येक वस्तू अशीच ठेव आहे. ठेवणारे गेलेले आहेत आणि घेणारे अजून जन्मावयाचे आहेत. तिची शोभा भाड्याने देता येते, तिचा जीव धोक्यात घालता येत नाही. बाईंनी आमचे गिऱ्हाईक सोडावयाची तयारी दाखविली, ती याच भेदाला जागून.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो, आणि खरी अडचण मांडली. संग्रहालय पाच वाजता बंद होते, त्यानंतर मांडामांड. आणि आमच्याकडे रात्रिभोजन वर्ज्य. मार्गशीर्षात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. मग पंगत बसणार केव्हा? बाईंनी वही उघडली. सोमवारी संग्रहालयास सुटी असते. त्या दिवशी दालनांची झाडलोट व तपासणी चालते, पण चौक मोकळा असतो. त्यांनी अभिरक्षकांशी बोलून चौक दुपारपासून मोकळा करून दिला. सकाळी होम, फेरे व आठशे माणसांचे भोजन समाजाच्या मंगल कार्यालयात झाले. दुपारी चार वाजता वाड्याच्या चौकात अडीचशे जणांचे स्वागत झाले, आणि सूर्यास्तापूर्वी शेवटचे पान उचलले गेले. अडीचशेंच्या यादीत ज्यांची नावे बसली नाहीत, असे दोन आप्त अद्याप आमच्याशी तुटक बोलतात. ती किंमत आम्ही दिली.

पाहुण्यांना पंचवीस-पंचवीसांच्या गटाने दालनात नेण्यात आले, रिकाम्या हातांनी. वधूची आजी कल्पसूत्राच्या एका सचित्र पानापुढे बराच वेळ हात जोडून उभी राहिली. उजेड इतका मंद का, असे तिने विचारले. "आजी, तुमच्या पणतीलाही हे असेच दिसावे म्हणून," असे बाईंनी सांगितले. आजी काही बोलल्या नाहीत. परंतु बाहेर येऊन त्यांनी छायाचित्रकाराला दिवा बंद करावयास लावला.

या अनुभवातून आमच्या व्यापारी बंधूंसाठी दोन-तीन गोष्टी निघतात. मंडप, बिछायत, फुले व भोजन यांचा व्यवसाय करणारे आपल्यात पुष्कळ आहेत. संग्रहालये अशा कामांसाठी सहसा ठराविक ठेकेदारांची यादी ठेवतात. खिळ्याविना उभा राहणारा मंडप, खुर्च्यांच्या पायांना नमदा, ज्योतीऐवजी बॅटरीचे दिवे आणि वेळेवर आवरते घेण्याची शिस्त, एवढी तयारी असेल तर त्या यादीत नाव लागू शकते. कार्य ठरविणाऱ्याने करारनामा स्वाक्षरीपूर्वी पूर्ण वाचावा. तारीख जसजशी जवळ येते, तसतशी परताव्याची रक्कम घटते. यात लबाडी नाही, कारण तो माल दुसऱ्यास विकण्याचा अवधीच उरलेला नसतो. नुकसानीची अनामत, विम्याची अट व विजेच्या भाराची मर्यादा आधीच विचारून घ्यावी. चातुर्मासात विवाह नसले, तरी सत्कार, वर्धापनदिन व व्याख्याने असतात. त्या रिकाम्या तारखा सवलतीने मिळू शकतात, हेही आमच्या मंडळाने लक्षात घ्यावे.

विक्री करणारे पुष्कळ असतात. कोणती वस्तू विकावयाची नाही हे ओळखून, गिऱ्हाइकाला न दुखविता नकार देणारा आणि त्या नकारातूनच त्याच्यासाठी दुसरी वाट काढून देणारा विक्रेता मात्र विरळा. ही विद्या आपल्या जुन्या पेढ्यांवर होती. ती आम्हांस एका संग्रहालयाच्या कचेरीत पुन्हा भेटली, याचा आम्हांस आनंद वाटतो.