खांदेरीचा दिवा आणि पिरंगुटचा माल

पिरंगुटच्या कारखान्यातला माल न्हावा-शेवा बंदरात जहाजावर चढला की आपला त्याच्याशी संबंध संपला, असे आपले कारागीर बंधू समजतात. परंतु ते जहाज रात्री बंदरातून निघून दक्षिणेकडे वळते, तेव्हा थळच्या समोर खांदेरी बेटावरचा दिवा त्याला वाट दाखवतो. या दिव्याचा खर्च अखेर मालाच्या भाड्यातच येतो. म्हणून त्याची हकीकत व्यापाऱ्यांनी जाणून घेण्यासारखी आहे.

खांदेरीवर किल्ला बांधण्यास शिवाजी महाराजांनी १६७९ साली सुरुवात केली. मुंबईच्या तोंडावरच मराठ्यांचे ठाणे होणार, हे इंग्रजांना कसे खपावे? त्यांनी गलबते आणून अडवणूक केली. बेटावर मायनाक भंडारी तग धरून होते आणि त्यांच्या मदतीला मराठी आरमार घेऊन गेले ते दौलतखान. इंग्रजांना अखेर माघार घ्यावी लागली. पुढे लगेच, १६८० च्या जानेवारीत, जंजिऱ्याच्या सिद्दी कासमने शेजारच्याच उंदेरी बेटावर तटबंदी घातली. दोन बेटे, दोन सत्ता, आणि दोन्हीकडे मुसलमान दर्यावर्दी! हा इतिहास धर्माच्या एकाच फूटपट्टीने मोजणाऱ्यांनी या गोष्टीवर थोडा विचार करावा. खांदेरीवर वेताळाचे देऊळ आहे, तसेच दाऊद पिराचे स्थानही आहे.

तोफांचे दिवस सरले, व्यापार वाढला. १८६७ साली बेटावर सध्याचा अष्टकोनी दगडी दीपस्तंभ उभा राहिला. कुलाब्याच्या टोकापुढे खडकावर प्रॉन्ग्ज दीपगृह १८७५ साली झाले. त्याला त्या काळी सहा लाखांवर रुपये लागले. एक जहाज खडकावर गेले तर मालासकट किती नुकसान, याचा हिशेब केला तर हा खर्च महाग म्हणता येणार नाही.

पैसा येई कुठून? १९२७ च्या दीपगृह कायद्याने बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर वजनमापानुसार दीपशुल्क बसवले. २०२१ साली त्या जागी नवा कायदा आला, पण शुल्क राहिलेच. जहाजवाला ते भरतो आणि भाड्यातून वसूल करतो.

मात्र दिवा म्हणजे सर्व काही नव्हे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. दिवसाउजेडी झालेला हा घात कोणताही दिवा टाळू शकला नसता. पावसाळ्यात बोट कधी हाकारायची आणि कधी धक्क्याला बांधून ठेवायची, हा निर्णय तांडेलालाच घ्यावा लागतो.

खांदेरी बेटाला १९९८ साली कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले, आणि २०२५ साली किल्ल्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. पिरंगुटहून पौड, ताम्हिणी घाट उतरून माणगावमार्गे अलिबागकडे जाता येते. थळच्या किनाऱ्यावरून बेट समोरच दिसते.