शुगर मोजली, भरवसा कधी मोजणार?

दरवर्षी १४ नोव्हेंबरला मधुमेह दिन होतो. देशातल्या १० कोटी मधुमेहींचा आकडा पुन्हा छापून येतो, गल्लोगल्ली मोफत तपासणी होते. पण शुगर वाढलेला माणूस वर्षभर पथ्य, चालणे, गोळ्या कशाच्या बळावर सांभाळणार, हे त्याला कोण विचारते? वास्तविक ते बळ, म्हणजे स्वतःवरचा भरवसा, तोही मोजता येतो आणि मोजण्याची रीत चांगली जुनी आहे.

ती संधिवाताच्या रुग्णांपासून सुरू झाली. केट लॉरिग या परिचारिकेने १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात या रुग्णांसाठी वर्ग काढले. वर्गाला येणाऱ्यांचे दुखणे कमी व्हायचे. शिकवलेले व्यायाम करतात म्हणून आराम पडतो, असेच कुणीही म्हणेल. पण आकडे ताडून पाहिले तर व्यायाम आणि आराम यांचा मेळ फारसा बसेना. मग रुग्णांनाच विचारले. आराम पडलेल्यांना वाटत होते, की आजार थोडाफार आपल्या हातात आहे. बाकीच्यांना वाटत होते, की आपल्या हातात काहीच नाही. रुग्णाचे म्हणणे हाच पुरावा मानण्याची लॉरिग यांची ही तयारी मला फार मोलाची वाटते.

त्याच विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये या भरवशाचा सिद्धान्त मांडला होता. त्याच्या आधारे लॉरिग आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये संधिवातासाठी २० प्रश्नांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. पुढे कुठल्याही दीर्घ आजाराला चालेल अशी सहा प्रश्नांची पट्टीही आली. थकवा, वेदना, मनाचा त्रास यांच्यामुळे हवी ती कामे अडणार नाहीत, याची किती खात्री वाटते? औषधांखेरीजचे उपाय करू शकाल का? १ ते १० मध्ये उत्तर द्यायचे आणि सरासरी काढायची, पाच मिनिटांचे काम.

मात्र प्रश्नांचे नुसते भाषांतर करून भागणार नाही. अडथळे त्या त्या माणसांच्या जगण्यातून शोधावेत, असे बांडुरा यांनीच सांगून ठेवले आहे. आपल्याकडे विचारायचे तर असे विचारावे: घरात सगळ्यांसाठी भात शिजत असताना तुम्ही एका वाटीवर थांबू शकाल? पंगतीत आग्रह झाला तर जिलबी नाकारू शकाल? सुनेला, सासूला घरकामातून चालायला अर्धा तास काढता येईल? दुकान उत्तम चालवणाऱ्या माणसाचाही पंगतीतला आकडा ३ असू शकतो.

हा ३ रुग्णाचा दोष म्हणून फाईलवर चढवला, तर मोजणे न मोजण्यापेक्षा वाईट. लॉरिग यांच्या वर्गात प्रत्येकाने आठवड्याचा बेत ठरवायचा आणि तो पार पडेल याची खात्री ० ते १० मध्ये सांगायची. उत्तर ७ च्या खाली आले, की बेत बदलायचा किंवा लहान करायचा. रोज तासभर चालणे जमणार नसेल तर आठवड्यातून तीन दिवस, जेवणानंतर पंधरा मिनिटे. ते पार पडले की भरवसा वाढतो. भरवसा वाढवणारी सर्वांत मोठी गोष्ट बांडुरांच्या मते हीच, स्वतः करून जमल्याचा अनुभव.

आपल्या ओपीडीत गर्दी आहे, डॉक्टरांना वेळ नाही, हे खरेच. पण ‘हे जमेल याची ० ते १० मध्ये किती खात्री वाटते?’ हा एक प्रश्न परिचारिका किंवा आशाताई नक्की विचारू शकतील. तोवर पुढच्या तपासणीला जाल तेव्हा रिपोर्टबरोबर तुमचा आकडा तुम्हीच सांगा, आणि तो कशामुळे अडला आहे तेही.