हाताखालचं काम

परवा बचत गटाची बैठक आमच्याकडे होती. हप्ते गोळा झाले, चहा झाला आणि एक मावशी हळूच माझ्याजवळ सरकल्या. "ताई, आमच्या सूनबाईला जरा समजवा. कॉलेजात बास्केटबॉल खेळायची, ते ठीक होतं. आता रोज संध्याकाळी शाळेच्या ग्राउंडवर मुलींना शिकवायला जाते. तेही सरांच्या हाताखाली! मुख्य तर सरच ना? मग हिला काय मिळतं त्यातून?"

सून समोरच कप आवरत होती. ती काही बोलली नाही. मीही "बघू, बोलते" म्हणून विषय बदलला. नंतर मात्र रुखरुख लागली. 'हाताखाली' हा शब्द मलाही तेव्हा खटकला नव्हता.

त्या रात्री मला सोनिया रामन आठवली. हिची आई जन्माने नागपूरची, वडील चेन्नईचे. सोनिया वाढली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात. बास्केटबॉलही याच राज्यातला. १८९१ साली स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने थंडीच्या दिवसांत मुलांना आत खेळता यावं म्हणून पीचच्या टोपल्या उंच टांगल्या, तिथून हा खेळ सुरू झाला. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या बाईंनी तो कॉलेजच्या मुलींना शिकवायला घेतला. म्हणजे पुरुषांच्या खेळात मुली मागाहून घुसल्या, असं कुणी म्हणू नये!

सोनिया टफ्ट्स विद्यापीठाच्या संघातून १९९६ पर्यंत खेळली. मग तिथेच सहाय्यक प्रशिक्षक झाली. पण पोटापाण्याचं काय? तिने कायद्याची पदवी घेतली, सरकारी कामगार खात्यात वकिली केली, पुढे एका मोठ्या वित्तीय कंपनीत नोकरी धरली. आणि हे सांभाळून वेलस्ली या मुलींच्या कॉलेजात सहा वर्षं सहाय्यक प्रशिक्षक म्हणून काम केलं. तिथेही मुख्य दुसरंच कुणी होतं.

२००८ मध्ये एमआयटी या नावाजलेल्या संस्थेत ती मुलींच्या संघाची मुख्य प्रशिक्षक झाली. बारा वर्षांत १५२ सामने जिंकून दिले. आता इथे कुणीही म्हणेल, बाई, झालं, बस निवांत. पण २०२० मध्ये मेम्फिस ग्रिझलीज या पुरुषांच्या व्यावसायिक संघाकडे ती पुन्हा सहाय्यक म्हणूनच गेली. मुख्य पद सोडून! आपल्याकडे नातेवाइकांनी काय काय विचारलं असतं, याची कल्पना करा.

या सहाय्यकाचं काम तरी काय असतं? सामना चालू असताना कडेला उभा राहून ओरडणारा मुख्य प्रशिक्षक सगळ्यांना दिसतो. पण समोरच्या संघाचे जुने सामने पुन्हा पुन्हा बघून कोण नेहमी डावीकडूनच जातं, कोण दमलं की चुकतं, ही टिपणं सहाय्यकाची. सराव संपल्यावर एकेका खेळाडूला बाजूला घेऊन नेम सुधारून घ्यायचा, तोही त्यानेच. आणि बोलणी खाऊन कोपऱ्यात डोळे पुसणाऱ्या पोरीशेजारी जाऊन बसायचं, हेही बहुधा त्याच्याच वाट्याला. (आपल्या घरात हे खातं कुणाकडे असतं ते सांगायला नको.)

२०२४ मध्ये मेम्फिसने सहाय्यकांची फळी बदलली, त्यात सोनियाची जागा गेली. २०२५ च्या हंगामात ती न्यूयॉर्क लिबर्टी या महिला संघाकडे आली, पुन्हा सहाय्यक. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सिएटल स्टॉर्मने तिला मुख्य प्रशिक्षक नेमलं. चार वेळा विजेतेपद मिळवलेला संघ आहे हा!

दोन दिवसांनी मी मावशींकडे गेले. हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिच्याकडे वकिलीचा पगार होता ताई. आमच्या हिला पेट्रोलचे पैसेसुद्धा घरातून द्यावे लागतात." खरं होतं ते. माझ्याकडे उत्तर नव्हतं. फुकट राबणं म्हणजे आवड, असं मी तरी म्हणणार नाही. शाळेने तिला मानधन द्यायला हवं, आणि ते मागायला मी तिच्याबरोबर जाणार आहे.

मग सून पहिल्यांदाच बोलली. "काकू, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो. तो केला तर कागद हातात राहील, मानधन मागायलाही तोंड राहील. पण छोटीला कोण सांभाळणार?"

मावशी गवार निवडत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "सहा आठवडे म्हणजे... दिवाळीच्या आत येशील ना परत?"