विजेच्या मोटारी आणि शेतकऱ्याचा हिशेब

विजेच्या मोटारीस इंधनच लागत नाहीं, असा समज कित्येक वाचकांचा झालेला आमच्या पाहण्यांत येतो. तो दूर होणें इष्ट आहे. मोटारीच्या बॅटरींत वीज सांठवावी लागते, व तिचें माप आपल्या नित्य परिचयाचें युनिटच होय. सन २०२२ मध्यें निघालेल्या टाटा टियागोच्या मोठ्या बॅटरींत २४ युनिटें मावतात. सन २०२४ मधील महिंद्रा बीई ६ हिच्या मोठ्या बॅटरींत ७९ मावतात. ५ अश्वशक्तीचा पंप तासास सुमारें ४ युनिटें घेतो. म्हणजे पहिली मोटार एकवार भरण्यास पंपाची सहा तासांची, व दुसरीस जवळजवळ वीस तासांची वीज खर्ची पडते.

ही वीज येते कोठून? सन २०२३-२४ मध्यें देशांतील सुमारें तीन-चतुर्थांश वीज दगडी कोळशापासून झाली. रात्रीं भरलेली मोटार बहुतांशीं कोळशावरच धांवते. तीच दिवसा घरच्या सौर पॅनेलांवर भरल्यास सूर्यावर धांवेल. रोजच्या चाळीस किलोमीटरांच्या फेरीस सहा-सात युनिटें लागतात, व २ किलोवॅटचीं पॅनेलें स्वच्छ उन्हांत तितकीं देतात.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. शेतीपंपाच्या सवलतीच्या जोडणीवरून मोटार भरणें हा सन २००३ च्या वीज कायद्यान्वयें अनधिकृत वापर ठरतो, व आकारणी वाढीव दरानें होते. सबब आधीं विजेची सोय पहावी, मग मोटार. आणि मोटारही फेरीच्या मानानेंच घ्यावी, असें आमचें सांगणें आहे.