नायट्राइल सत्तर, स्टायरीन तीस

सकाळी 7.30. उचगावच्या शेडमध्ये शिरलं की आधी मिल. दोन्ही रोल वेगवेगळ्या गतीनं फिरतात, त्या फरकामुळेच रबर चिरडलं जातं. आणीबाणीचा दांडा दाबल्याबरोबर मिल थांबते का, हे पाहिल्याशिवाय रोलजवळ कुणी उभं राहायचं नाही.

8.00. आज पंपाच्या कपलिंगचे बुश. सत्तर भाग नायट्राइल, तीस भाग स्टायरीन-ब्युटाडाईन. नायट्राइल तेलाला दाद देत नाही, पण महाग. स्टायरीनचं रबर स्वस्त आणि झिजेला चिवट. बरेलीत ते 1963पासून बनू लागलं, अलीकडे पानिपतला बनतं. तेलात मात्र फुगतं. "निम्मं-निम्मं करा, दर उतरवा," असं सांगणारी गिऱ्हाइकं सारखी भेटतात. जिथं तेलाचा शिंतोडा उडणार, तिथं मी तीसच्या वर जात नाही.

8.30. नायट्राइल रोलवर बसलं. मी गंधकाची पुडी उचलली तसा नवा पोरगा म्हणाला, "मामा, सल्फर आत्ताच? शेवटी घालत्यात न्हवं?"

"नायट्राइलला आधी. शेवटी अ‍ॅक्सिलरेटर."

दिवसातलं सगळ्यात मोठं काम हेच. गंधक नायट्राइलमध्ये नीट विरघळत नाही, स्टायरीनमध्ये सहज जातं. अ‍ॅक्सिलरेटरची ओढ उलट, नायट्राइलकडे. दोन्ही रबरं एकत्र करून वर सगळं ओतलं, तर एकात जोड दाट आणि दुसऱ्यात विरळ. शंभर भाग रबराला गंधक जेमतेम दीड भाग. तेवढ्यावर रेणूंच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना बांधायच्या. म्हणून नायट्राइलमध्ये गंधक एकटंच मुरवायचं, पिवळे ठिपके दिसेनासे होईपर्यंत. मग झिंक, स्टिअरिक, थोडं थोडं कार्बन. गंधक आत आहे म्हणून बॅच तापू द्यायची नाही. स्टायरीनची बॅच वेगळी. नंतर दोन्ही एकत्र, पट्टा कापून उलटसुलट घड्या.

"आता घालू?" पोरानं अ‍ॅक्सिलरेटर हातात घेतलं.

"थांब की. रोल गार होऊ देत."

11.00. लॅबची चिठ्ठी आली. 160 अंशांना सहा मिनिटांत नव्वद टक्के क्युअर. आलेख सुरेख आहे, पण तो दोन्ही रबरांची बेरीज दाखवतो. त्यातलं कुठलं उपाशी राहिलं, ते त्यातून कळत नाही.

12.00. प्रेस. दाब दिल्यावर दोन-तीनदा उघडझाप, अडकलेली हवा निघायला. बुश जाड, मध्यापर्यंत उष्णता सावकाश पोचते. सहा मिनिटांवर काढला तर वरून पक्का, आतून कच्चा. वेळ वाढवून धरली.

2.30. मावश्या बुशच्या कडेचं जादा रबर, म्हणजे फ्लॅश, कापायला बसल्या. कडकपणा मोजला, शोअर सत्तर.

4.30. आता खरी परीक्षा. एक तुकडा पंचवीस टक्के दाबून, बोल्ट आवळून, 70 अंशांच्या ओव्हनमध्ये 22 तास. जोड विरळ असतील तर सोडल्यावर तो पूर्वीच्या जाडीला येत नाही, दबलेलाच राहतो. उद्या दुपारी अडीचला काढायचा, अर्धा तास निववायचा, मग मोजायचा.

5.00. गिऱ्हाइकाचा फोन. "शोअर बसलाय ना? मग आजच्या गाडीनं पाठवा की."

"शोअर कार्बन वाढवूनही बसतो, साहेब. माल उद्या तीननंतर, तुकडा पास झाला तर."